वयाएवढी शिक्षा

मुलांनो, जरा डोळे मिटा.

समजा, तुम्ही एका खुर्चीत बसला आहात. पायाची बोटं जमिनीला टेकतात, टाचा टेकत नाहीत. कुणीतरी मागून येतं आणि तुमच्या डोक्यावर एक टोप ठेवतं. तो जड नाही, क्रिकेटच्या हेल्मेटपेक्षाही हलका आहे. आतून मऊ आहे. दुखत नाही, टोचत नाही. तुम्हाला पडद्यावर चित्रं दाखवतात, दोन-चार खेळ खेळायला देतात. मग टोप निघतो आणि समोरच्या काचेवर एक आकडा उमटतो. तुमचा वाढदिवस कधीही असो, तुमच्या आईला तो दिवस कितीही लख्ख आठवत असो, इथून पुढे तुमचं वय म्हणजे तो आकडा.

गंमत वाटली ना? दहा वर्षांच्या मुलाला बाराचा आकडा मिळाला, तर तो गल्लीभर मिरवेल. ईश्वरी म्हेतरला मात्र गंमत वाटली नाही. ती पंधरा वर्षांची होती, आणि काचेवर आला होता आकडा साडेएकोणीस.

आता डोळे उघडा, आणि ऐका. तुम्ही मोठे व्हाल, तुमची मुलं शाळेत जाऊ लागतील, त्या काळातली ही गोष्ट आहे.

"म्हणजे मी नापास?" ईश्वरीने विचारलं.

"यात पास-नापास नसतं गं," डॉक्टर मैत्रेयी लेले म्हणाल्या. ज्यांनी हा टोप पहिल्यांदा तयार केला, त्या शास्त्रज्ञांत त्या होत्या.

"मग तुमचं तोंड का उतरलं?"

डॉक्टरांनी काचेवरची रंगीत चित्रं मागे नेली. "मला एक सांग. पडद्यावर लाडू आला होता. लगेच घेतलास तर एक, थांबलीस तर दोन. तू शेवटपर्यंत थांबलीस. का?"

"दुसरा मनूला न्यायला." मनू म्हणजे तिची सहा वर्षांची बहीण. "खोटा लाडू हाय म्हणून माहीत होतं मला. पण सवय."

"आणि मागे बारीक आवाजात एक मूल रडत होतं. ते आम्ही मुद्दाम लावतो, लक्ष विचलित करायला. बहुतेक मुलं थोड्या वेळाने ते विसरतात."

"विसरतात?" ईश्वरीला खरंच नवल वाटलं. "मी तर कवापासून म्हणायलोय, पोर रडायलंय, बघायला कोणच कसं जाईना."

डॉक्टरांच्या मदतनीस बाई पुण्याच्या होत्या. 'म्हणायलोय' ऐकून त्यांच्या भुवया वर गेल्या. मुलगी असून स्वतःबद्दल मुलासारखं बोलते? ईश्वरीला आता याची सवय झाली होती. "आमच्याकडं पोरी बी 'येतो-जातो'च म्हणतात," ती म्हणाली. "तुमच्या यंत्राला सांगून ठेवा. न्हाईतर ते मला पोरगा करंल."

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि टोप काय करतो ते तिला नीट समजावून सांगितलं. तुम्हीही ऐका.

बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या मेंदूतल्या पेशी एकमेकींना धाग्यांनी जोडू लागतात. हे धागे गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात, जणू गावातल्या प्रत्येक घरातून प्रत्येक घरात जाणारी पायवाट. ज्या वाटेने रोज ये-जा होते ती टिकते, जिच्यावरून कुणी जात नाही ती मेंदू स्वतःच मोडून टाकतो. जे धागे टिकतात त्यांच्यावर हळूहळू चरबीचं एक पातळ वेष्टण चढतं, विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं तसं. वेष्टण चढलं की निरोप न सांडता, सुसाट धावतो. सगळ्यात शेवटी हे वेष्टण कपाळामागच्या भागात चढतं. थांबणं, पुढचा विचार करणं, स्वतःला आवरणं ही कामं तिथली. हे काम विशी ओलांडली तरी चालूच असतं. पेशी एकमेकींशी बोलतात तेव्हा अगदी सूक्ष्म अशी चुंबकीय थरथर उठते. टोप ती थरथर टिपतो, आणि किती धाग्यांवर वेष्टण चढलंय याचा अंदाज बांधतो. मग तो हजारो मुलांच्या सरासरीशी तुलना करून सांगतो, हा मेंदू अमुक वयाचा.

ईश्वरीने सगळं ऐकून घेतलं. "खळ दिल्यासारखं," ती म्हणाली.

"खळ म्हणजे?"

"मागावर जे उभं सूत लावतात ना, ताण्याचं, त्याला आधी खळ देतात. पेजेसारखी असती. मग सूत ताठ होतंय, ताण सोसतंय. न्हाईतर माग सुरू केला की तटातट तुटतंय."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांच्या जिभेवर आलं, आणि तिथेच थांबलं. ज्या मेंदूवर भार लवकर येतो, त्यातल्या काही धाग्यांवर वेष्टणही लवकर चढतं, हे त्यांनी स्वतःच कुठल्याशा परिषदेत सांगितलं होतं. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

ईश्वरी इचलकरंजीची. त्या काळात इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये माणसं थोडी उरली होती. तुटलेला धागा जोडायला मागावर यंत्राचे चिमुकले हात फिरत, त्यांना सगळे 'पाखरं' म्हणत. पाखरं अडली की सोडवायला बाई लागे. ईश्वरीची आई शालन हे काम करायची. वडील मनूच्या जन्माआधीच वारले होते. आई कामावर गेली की पाणी भरणं, भात लावणं, मनूच्या वेण्या घालणं आणि तिला शाळेत सोडणं हे ईश्वरीकडे. मग उरलेल्या वेळात स्वतःची शाळा.

एके दिवशी अडलेलं पाखरू सोडवताना शालनचा पदर मागाच्या फिरत्या रुळात गेला, आणि पदरामागून हात. हाड दोन ठिकाणी मोडलं. शेडच्या संगणकाने क्षणात निकाल दिला, 'कामगाराची चूक'. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माग पुन्हा सुरू झाला. रुळावरचा डागही नीट पुसला नव्हता.

ईश्वरी आईचा डबा आणायला गेली होती. तिने तो डाग पाहिला. ती घरी आली, काडेपेटी घेतली आणि परत गेली. जेवणाचा भोंगा वाजेपर्यंत ती भिंतीआड उभी राहिली. बायका बाहेर पडल्या. मग तिने शेडमागच्या गोदामात, सुताच्या टाकाऊ गुंत्यांच्या ढिगावर पेटती काडी टाकली.

सूत कसं पेटतं हे पाहिलंय कधी? ते जळत नाही, उडतं. आणि त्या ढिगामागे, सावलीला, शिवाप्पा तात्या झोपले होते. ते शेडचे राखणदार. ओरडण्याचा आवाज आला तशी ईश्वरी आत धावली आणि त्यांच्या बनियनला धरून त्यांना फरफटत बाहेर आणलं. तात्या वाचले. पण ती पोचण्याआधी जळती गाठोडी बाजूला सारताना त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

ईश्वरी कुठे पळाली नाही. पोलीस आले तेव्हा ती तात्यांजवळ बसून होती. "मी लावली," ती म्हणाली. "माझ्या हातानं."

पूर्वी असतं तर पुढचं सरळ होतं. अठरा वर्षांच्या आतल्या मुलांचा न्याय वेगळा. ते सहसा मोठ्यांच्या कोर्टात जात नाहीत, बाल न्याय मंडळासमोर जातात. ईश्वरीच्या वयाच्या मुलाने कितीही गंभीर गुन्हा केला तरी मंडळ त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवू शकतं. एवढी मर्यादा का? कारण ते झाड अजून वाढतंय. वाकलं असेल, तर सरळही होऊ शकतं.

पण मग टोप आला. लोक म्हणू लागले, कागदावरचं वय कशाला, खरं वय मोजा ना! हे म्हणणं अगदीच वेडगळ होतं असं समजू नका. अठरा हा आकडा तरी कुठे आभाळातून पडला होता? एखादा पावणेसोळाचा आडदांड गुंड हसतहसत तीन वर्षांनी सुटून येतो आणि ज्याचा मुलगा गेला तो बाप पाहत राहतो, तेव्हा रागही येतोच. म्हणून कायदा बदलला. मेंदूचं वय अठराच्या वर निघालं, तर मुलाला मोठ्यांच्या कोर्टात पाठवता येऊ लागलं. तिथे ईश्वरीच्या गुन्ह्याला दहा वर्षं होती.

दहा वर्षांनी मनू सोळा वर्षांची झाली असती. ईश्वरीने हिशेब केला तो एवढाच.

तिच्या वकीलबाई, केतकी हेरवाडे, निरीक्षणगृहात, म्हणजे निकाल लागेपर्यंत मुलांना ठेवतात तिथे, भेटायला आल्या. "दुसरी मोजणी मागता येते," त्या म्हणाल्या आणि दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "आणि टोपाला थोडं फसवता येतं. लाडू आला की झडप घाल. मूल रडलं तर रडू दे. खेळ हरलीस तर वैताग. आकडा दोनएक वर्षांनी तरी उतरतो."

"आन् टोप घातलाच न्हाई तर?"

"नकार देता येतो. पण शांतपणे, विचार करून दिलास, तर तेही मोठेपणाचं लक्षण धरतात. रडून-लोळून दिलास, तर नाही."

"म्हणजे नीट बोललं की मोठी, आन् लोळलं की लहान?"

"साधारण तसंच," हेरवाडेबाई म्हणाल्या. त्यांनाच ते ऐकून कसंसं झालं.

निरीक्षणगृहात मिरजेची पिंकी नावाची मुलगी होती. तिची मोजणी दोनदा झाली होती आणि दुसऱ्यांदा तिने आकडा चांगलाच पाडला होता. तिने ईश्वरीला शिकवायचं मनावर घेतलं.

"आधी रुसायला शीक. रुस बघू."

"कुणावर?"

"कुणावर बी. त्या भिंतीवर रुस."

"भिंतीनं काय केलंय माझं?"

पिंकीने कपाळावर हात मारला. "अगं बाई, रुसायला कारण लागत न्हाई! बरं, ते राहू दे. पाय आपट. मला भाजी नको म्हण."

ईश्वरीने पाय आपटला. "मला भाजी नको," ती म्हणाली, आणि लगेच, "पण टाकू नका कुणी, सकाळी पोळीबरोबर होईल."

बाकीच्या मुली पोट धरून हसल्या. ईश्वरीही हसली. मग तिला जाणवलं की तिला खरंच जमत नाहीये. रुसून बसलं की कुणीतरी समजूत काढायला येतं, हे तिने फक्त पाहिलं होतं. मनू रुसायची, आणि समजूत काढायला ईश्वरी जायची.

रविवारी आई आणि मनू भेटायला आल्या. आईचा हात प्लास्टरमध्ये होता. मनूच्या दोन्ही वेण्या दोन दिशांना गेल्या होत्या. तिच्या मुठीत गजगे होते, गल्लीतल्या काटेरी झुडपाखाली वेचलेले, राखी आणि गुळगुळीत.

"ताई, एक डाव?"

"नंतर," ईश्वरी म्हणाली. तिचं तोंड हे आपोआपच म्हणायचं. "आई, हात दुखतोय का? गोळ्या संपल्या असतील. आन् गॅसची नळी बदलून घे, शेजारच्या काकूंच्या पोराला सांग."

"सगळं करतो बाई," शालन म्हणाली. "तू काळजी करू नकोस. गल्लीत सगळी तुझंच नाव काढतात. म्हणतात, कशी बुद्धी फिरली कुणास ठाऊक, न्हाईतर ईशूसारखी समजूतदार पोरगी..."

"तो शब्द नको!"

एवढ्या मोठ्याने ती ओरडली की बाजूच्या टेबलावरचे लोक वळले. मनूच्या मुठीतला एक गजगा खाली पडला.

"नको म्हणू मला समजूतदार," ईश्वरी म्हणाली. आवाज खाली आला होता. "फ्रॉक न्हाई मिळाला, समजूतदार. सहलीला न्हाई गेलो, समजूतदार. त्या काचेवर तेच उमटलंय, आई. त्याचाच आकडा हाय तो. तुम्ही सगळ्यांनी शाबासकी दिली, आन् आता ती कोर्टात माझ्याच अंगावर आलीय."

शालनने पडलेला गजगा उचलून मनूच्या मुठीत दिला. मग विचारलं, "मग काय म्हणू?"

"काय बी म्हण. हट्टी म्हण. भांडखोर म्हण."

"हट्टी हाईस," शालन म्हणाली. डोळे पदराला पुसत, पण ठासून. "लई हट्टी हाईस तू. बापावर गेलीस."

ईश्वरीला हसू आलं. कुणीतरी आपल्याला नवा फ्रॉक घातल्यासारखं तिला वाटलं. भेटीची वेळ संपली. गजग्यांचा डाव राहिलाच. पण त्या संध्याकाळी तिने पिंकीला सांगितलं, "रुसायचं शिकवणं बंद कर. मी टोप घालणारच न्हाई."

"मग गेलीस तू दहा वर्षं," पिंकी म्हणाली.

बाल न्याय मंडळाची खोली कोर्टासारखी नसते. तिथे पिंजरा नाही, उंच आसन नाही. एक लांब टेबल होतं. मधे न्यायदंडाधिकारी देवतळे. एका बाजूला सभासद शिंत्रे, जे एक सामाजिक संस्था चालवत. दुसऱ्या बाजूला सभासद आवटीबाई, ज्यांनी उभा जन्म शाळेत मराठी शिकवलं होतं. भिंतीलगतच्या छोट्या टेबलावर टोप ठेवलेला होता. त्याचा हिरवा दिवा लागलेला होता.

सरकारी वकिलांनी सुरुवात केली. "भोंगा होईपर्यंत तू थांबलीस. का?"

"आत बायका असत्या तर लागलं असतं कुणाला."

"म्हणजे परिणामांचा विचार केलास. ठरवून केलंस. साहेब, हे मुलाचं डोकं नाही. आकडाही तेच सांगतो."

शिंत्रे यांनी मान हलवली. आवटीबाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला. "बाळ, तात्या तिथे असतील असं वाटलं नाही तुला?"

"भोंग्यानंतर ते जेवायला घरी जातात. रोज."

"रोज?" मागून घोगरा आवाज आला. शिवाप्पा तात्या उभे राहिले होते. दोन्ही हात जाळीदार पांढऱ्या मोज्यांत होते. "गुरुवारी कुठं जातो मी? गुरुवारी माझा उपास असतोय. जेवतच न्हाई तर घरी कशाला जाऊ? पडून राहतो गोदामात, गार असतंय म्हणून. आन् हे हिला माहीत न्हाई म्हणता? दर गुरुवारी हीच पोरगी मला केळं आणून देत होती, साहेब."

तात्यांनी ईश्वरीकडे पाहिलं.

"त्या गुरुवारी केळं न्हाई आलं," तात्या म्हणाले. "आग आली."

ईश्वरीने मान खाली घातली. "वार माझ्या ध्यानातच न्हाई आला," ती म्हणाली. "मला तो डाग दिसत होता नुसता."

"बघा," आवटीबाई शांतपणे म्हणाल्या. "हा आपला थंड डोक्याचा कट. यात वार कुठला हेच लेकरू विसरलं होतं."

देवतळे यांनी तात्यांना विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे. तात्यांनी हात वर धरले. "राग हाय मला. खोटं कशाला बोलू? शर्टाचं बटण लावता येत न्हाई, सुनेला हाक मारावी लागती. हिला शिक्षा पायजेच. पण दहा वर्षं? दहा वर्षांनी ही सुटंल तवा मी असंन का? तीन वर्षांनी यावं हिनं, माझ्यासमोर उभं राहावं, आन् माझ्या शर्टाची बटणं लावून द्यावीत. मग बघू."

मग डॉक्टर लेले उभ्या राहिल्या. देवतळे यांनी त्यांना एकच विचारलं, यंत्र चुकलं का?

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्याला आपण विचारतो एक आणि ते सांगतं दुसरंच. सरासरी काढायला आम्ही मोठ्या शहरांतली मुलं घेतली, ज्यांना कुणीतरी कामाचा दिवस मोडून आमच्याकडे आणू शकत होतं ती."

ईश्वरी मधेच बोलली. "त्यातलं सकाळी पाणी कोण भरत होतं?"

"कुणीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "लहानपणी ज्यांच्यावर भार पडतो, त्यांच्या मेंदूतले काही धागे लवकर ताठ होतात. काहीच, सगळे नाहीत. टोप तो ताठपणा मोजतो आणि आपण त्याला वय म्हणतो. तिनेच मला एक शब्द शिकवला. खळ लवकर दिली म्हणून सूत जुनं होत नाही. हे मी आधीच मोठ्याने बोलायला हवं होतं."

"दुसऱ्या मोजणीचा अर्ज आहे," देवतळे म्हणाले. "टोप तयार आहे. ईश्वरी, बस त्या खुर्चीत."

"बसणार न्हाई."

हेरवाडेबाईंनी डोळे मिटून घेतले.

"विचार करून बोलतेस?"

"होय. मला लहान असल्याचं सोंग करता येईल, साहेब. पण सोंग कशाला? मी लहान हायच." ती उभी राहिली. "पोर रडत असंल तर मी बघायला जाणार. टोप घातला तरी जाणार. घरात मोठं कुणी नव्हतं म्हणून मोठ्याचं काम केलं. काम केलं म्हणून कुणाचं वय होत न्हाई. मत द्यायला गेलो तर तुम्ही म्हणाल, पंधरा हाईस, घरी जा. गाडी चालवली तर पकडाल. आईच्या जागी कामावर उभी राहिलो तर मालकाला धराल. सगळीकडं मी पंधरा, आन् शिक्षेपुरतीच साडेएकोणीस? आग मी लावली. तात्यांचे हात माझ्यामुळं गेले. शिक्षा नको म्हणत न्हाई मी. माझ्या वयाएवढी द्या."

शिंत्रे खुर्चीत मागे रेलले. "हे बोलणं पंधरा वर्षांच्या मुलीचं वाटत नाही मला."

"मग काय लोळू?" ईश्वरीने विचारलं.

आवटीबाई हसल्या, अगदी मोकळेपणाने, वर्गात हसत असतील तशा. मग त्यांनी समोरचा कायदा उघडला. "साहेब, मी आयुष्यभर मराठी शिकवलं, म्हणून डोळा इथेच अडकतो. कायदा म्हणतो, मंडळ मेंदूवय 'विचारात घेऊ शकते'. 'घेईल' म्हणत नाही. 'घेतलेच पाहिजे' म्हणत नाही. गणू झाडावर चढू शकतो, असं लिहिलं, म्हणून गणूला काठी मारून झाडावर चढवायचं नसतं. आत्तापर्यंत सगळ्या मंडळांनी या 'शकते'चं 'पाहिजे' करून टाकलं. का? तर समोर आकडा लखलखत असतो. आकडा दिसला की माणसाला विचार करायचा कंटाळा येतो."

देवतळे यांनी ते वाक्य स्वतः वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते तिघे आतल्या खोलीत गेले. दाराआडून शिंत्रे यांचा चढलेला आवाज ऐकू येत होता. शालनने मनूला घट्ट धरलं होतं. हिरवा दिवा तसाच जळत होता.

ते बाहेर आले तेव्हा देवतळे यांनी सगळ्यात आधी शिपायाला टोपाचा दिवा बंद करायला सांगितलं.

"शिंत्रे यांचं मत वेगळं आहे, त्याची नोंद होईल," ते म्हणाले. "दोघांचा निर्णय असा आहे. या यंत्राने मुलीचं वय मोजलं नाही, तिच्यावरचं ओझं मोजलं. ओझं वाहिलं म्हणून शिक्षा वाढवणं या मंडळाला मान्य नाही. आकडा विचारात घेता येतो, आम्ही तो घेतलेला नाही. ईश्वरी म्हेतर पंधरा वर्षांची आहे. कृत्य गंभीर आहे, एक माणूस कायमचा जायबंदी झाला आहे. म्हणून मुलांसाठी जी मर्यादा आहे ती पूर्ण. तीन वर्षं."

तीन वर्षं. कमी नाहीत. तुमची पाचवी, सहावी आणि सातवी मिळून एवढी होतात. शालन रडू लागली. ईश्वरी रडली नाही. ती तात्यांसमोर जाऊन उभी राहिली. तात्यांच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, त्याच्याकडे बघून ते फक्त म्हणाले, "तीन वर्षांनी."

"येतो," ईश्वरी म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात महिला हवालदार कदमबाई गाडीची वाट पाहत होत्या. मनू फरशीवर एकटीच बसली होती. तिने गजगे मांडले होते, पण 'ताई, एक डाव?' असं विचारलं नाही. विचारायचं तिने सोडूनच दिलं होतं.

ईश्वरीने तिच्याकडे पाहिलं, आणि फतकल मारून समोर बसली.

"सरक. मी बी हाय."

मनूने डोळे मोठे केले. मग घाईघाईने गजगे सारखे केले. पहिला डाव ईश्वरीचा. तिने एक गजगा उडवला, खालचे उचलले, झेलला. पुन्हा उडवला. हात विसरलेला नव्हता.

"हात लागला! बाद!" मनू ओरडली.

"न्हाई लागला."

"लागला! मी बघितलं!"

"मी म्हणतो न्हाई लागला! चीटिंग करतीस!"

आवाज वाढला तशा हेरवाडेबाई दारातून डोकावल्या. कुणाला दाखवायला हे सोंग चाललंय असं त्यांना क्षणभर वाटलं. पण आता बघायला मंडळ नव्हतं आणि टोपही नव्हता.

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. "चल गं, ईश्वरी," कदमबाई म्हणाल्या. "गाडी थांबलीय."

"थांबू दे की, बाई," ईश्वरी मान वर न करता म्हणाली. "आत्ताच साहेबांनी मला लहान ठरवलंय. डाव संपला की येतो."

कदमबाईंनी शालनकडे पाहिलं. शालनने डोळे पुसले. "हट्टी हाय ती," ती म्हणाली. "ऐकायची न्हाई."

डाव आता मनूचा होता. तरी गजगे ईश्वरीनेच ओढून घेतले.